दोन लिटर पाण्यातला रुग्ण

डिसेंबरातील एका सकाळी मी पूजा आटोपून बाहेर येतो न येतो तोच नातवाने हाताला धरून मला दिवाणखान्यात नेले. टेबलावरच्या वाटोळ्या काचभांड्यात त्याचा निळा मासा तळाशी एका कुशीवर टेकून पडला होता. एरवी रेशमी पदरासारखी पसरणारी त्याची शेपटी मिटलेली होती आणि तिची कड कसर लागलेल्या कापडासारखी कुरतडलेली दिसत होती.

"आजोबा, हा गेला का?"

कल्ले मंदपणे हलत होते. "नाही रे, आजारी आहे," मी म्हणालो. त्यावर त्याने विचारले, "मग याला दवाखान्यात कधी न्यायचं?"

३६ वर्षे मी बँकेत काढली. गायी-म्हशींसाठी कर्जे दिली, त्यांच्या कानातले विम्याचे बिल्ले मोजले, नवापूरकडे उकाई धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करणाऱ्यांच्या जाळ्या आणि होड्यांची प्रकरणे मंजूर केली. परंतु जिवंत मासा आजारी पडल्यास काय करावे, हा प्रश्न माझ्यासमोर कधी आला नव्हता. हा मासाही आम्ही होऊन आणलेला नव्हता. नातू सुरतेला मामाकडे गेला असता वाढदिवसाची भेट म्हणून त्याला तो मिळाला आणि पाण्याच्या पिशवीत बसून रेल्वेने नंदुरबारला आला. मला आधी विचारले असते तर मी नको म्हटले असते. पण आता जीव घरात आला होता आणि त्याची जबाबदारीही आली होती.

गुरांच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टर माझ्या परिचयाचे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की त्यांच्याकडे गायी, बैल, शेळ्या, कोंबड्या येतात, शोभेचा मासा कुणी आणत नाही. तरी त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. पाणी किती आहे? किती थंड आहे? खायला काय घालता? उत्तरे देताना मला ऑडिटरसमोर उभे असल्यासारखे वाटले. पाणी दोन लिटर, थंडी ठाऊक नाही, आणि खाणे ज्याच्या मनाला येईल ते. ते म्हणाले, "साहेब, आधी पाणी सुधारा. औषधाचं नंतर बघू."

दुकानात ज्याला 'फायटर' म्हणतात तो हा मासा म्हणजे बेट्टा. बेट्टा स्प्लेंडेन्स हे त्याचे शास्त्रीय नाव चार्ल्स टेट रीगन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१० मध्ये दिले. त्याचे मूळ घर थायलंड, म्हणजे जुना सयाम. तेथील भातखाचरांत, दलदलीत, वनस्पतींनी भरलेल्या उथळ आणि उबदार पाण्यात तो राहतो. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. त्याच देशात पिढ्यान्‌पिढ्या याच माशांच्या झुंजी लावून पैजा मारल्या गेल्या, हेही खरे. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांचे पर फाडतात, म्हणून नर नेहमी एकटा ठेवावा लागतो.

कल्ल्यांच्या वर त्याला चक्रव्यूहासारख्या घड्यांचा एक अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन तो थेट हवेतून श्वास घेऊ शकतो. त्यामुळे घाणेरड्या, ग्लासभर पाण्यातही तो लगेच मरत नाही, आणि या एका गुणावरच त्याची सगळी विक्री चालते. 'याला काही लागत नाही' असे सांगून तो विकला जातो. आपण सारे व्यापारी समाजातले. 'काही लागत नाही' असे सांगून विकलेल्या मालाला पुढे काय काय लागते हे आपणांस मी सांगावयास नको.

आधी थंडीचे सांगतो. मी घरातला तापाचा थर्मामीटर भांड्यात बुडवला आणि पारा हलेना म्हणून तो बिघडला असे ठरवले. ३५ अंशांखालचे तो दाखवतच नाही, हे शेजारच्या विज्ञानशिक्षकांनी हसत हसत सांगितले व प्रयोगशाळेतला थर्मामीटर दिला. पाणी १७ अंशांवर होते. बेट्टाला २५ ते २७ अंश सेल्सिअस हवे. त्याच सुमारास सातपुड्यात डाब-मोलगीकडे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. आम्ही शाली पांघरून त्या वाचत होतो आणि मासा टेबलावर तसाच उघड्यावर होता. माशाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. पाणी जितके थंड तितकेच तेही थंड. १७ अंशांवर त्याचे पचन मंदावते आणि रोगाशी लढण्याची शक्तीही.

यावर मी जो उपाय केला तो आजाराहून वाईट होता. भांडे उचलून गच्चीवर उन्हात नेले. दुपारी पाणी २९ अंशांवर गेले, संध्याकाळी पुन्हा १८ वर आले. एका दिवसात ११ अंशांचा हा हिंदोळा त्याला सोसवेना. तो वरच्या कडेला येऊन धापा टाकू लागला. चूक माझीच होती.

पाण्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. आमच्या घरी उकळलेले पाणी पिणारे आहेत, आणि बाकीच्यांसाठी आरओ यंत्र आहे. जे आपल्याला शुद्ध ते माशालाही शुद्ध, या समजुतीने त्याला कधी हे, कधी ते पाणी मिळत असे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. माशाला ते लागतात, आणि त्यांच्यावाचून पाण्याची आम्लताही स्थिर राहत नाही. उकळलेल्या पाण्यातून विरघळलेली हवा निघून जाते. राख घातलेले धोवण तर चुकूनही घालू नये, कारण राख पाणी एकदम अल्कधर्मी करते. विरचक धरणातून येणारे नगरपालिकेचे नळाचे पाणी यापेक्षा बरे. त्यातील क्लोरीन तेवढे घालवावे लागते, त्यासाठी बादली २४ तास उघडी ठेवावी.

भांड्यात न दिसणारे विष म्हणजे अमोनिया. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या अन्नाच्या कुजण्यातून तो तयार होतो. निसर्गात काही सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जीवाणू स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही दर रविवारी भांडे, खडे, शोभेचे झाड सारे काही साबणाने घासून लखलखीत करत होतो. म्हणजे दर आठवड्यास हे काम करणारे जीवाणू पुसून टाकत होतो आणि साबणाचा अंश मागे ठेवत होतो. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असे, म्हणून कुणाला शंका आली नाही.

आता अन्नाचा नाजूक भाग. सौभाग्यवतींनी दयेपोटी त्याला कणकेच्या बारीक गोळ्या, कधी मुरमुऱ्याचा चुरा घातला होता. तलावाकाठी माशांना खाऊ घालणारे हात आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांना दोष कसा द्यावा? परंतु बेट्टा मूळचा डासांच्या अळ्या आणि पाण्यावरचे कीटक खाणारा जीव आहे. त्याचे आतडे आखूड असते. कणीक त्याला पचत नाही, पोट फुगते, वाताशयावर दाब येऊन तो तिरका पोहू लागतो. न खाल्लेली गोळी पाण्यात कुजते ते वेगळेच. दुकानातील कोरड्या दाण्यांतही मासळीचे पीठ असते, हे डबीवर वाचल्यावर घरात दोन दिवस मौन होते.

शेवटी असे ठरले की जिवंत अळ्या घरात आणावयाच्या नाहीत. कोरडे दाणे मात्र द्यावयाचे, डबी स्वयंपाकघराबाहेर ठेवायची आणि तिचा चमचा वेगळा. याविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा मला अधिकार नाही; ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या गुरुजनांस विचारावे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात आपल्या समाजाचे पक्ष्यांचे रुग्णालय आहे. तेथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात, तर शिकारी पक्ष्यांवर बाह्यरुग्ण म्हणून उपचार करतात. त्यांनाही या पेचातून वाट काढावीच लागली. माझे मत विचाराल तर, असा मासा विकत आणू नये. मात्र घरात आलाच असेल तर आपल्या व्रताचा भार त्याच्या आतड्यावर टाकू नये.

उपचार असा केला. झाकणाची, दहा लिटर पाणी मावेल अशी प्लास्टिकची टाकी आणली. झाकण यासाठी की तो वरची हवा घेतो आणि ती हवाही पाण्याइतकीच उबदार हवी. शिवाय तो उडी मारतो. आपोआप बंद-चालू होणारा २५ वॅटचा हीटर लावला आणि दोन दिवसांत हळूहळू पाणी २६ अंशांवर नेले. पाणी बदलताना हीटर आधी बंद करावा. कोरडा पडून तापला तर काच तडकते, आणि चालू हीटर असलेल्या पाण्यात हात घालणे आपल्याच जिवावर बेतते. पहिले दोन दिवस अन्न दिले नाही. उपवासाने पोट हलके होते, हे आपल्या घरांत पटवून द्यावे लागत नाही!

त्यानंतर मीठ. साधे खडे मीठ, चार लिटरला एक सपाट चमचा, वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून आणि दिवसभरात दोन-तीन वेळा विभागून. रोज एकतृतीयांश पाणी बदलायचे. येथे बँकेचा हिशेब कामी आला. मिठाची वाफ होत नाही. म्हणून नुसते आटलेले पाणी भरून काढताना मीठ घालायचे नाही. जेवढे पाणी आपण उपसून काढले तेवढ्याच पाण्याचे मीठ परत भरायचे. हा फरक न कळल्याने पुष्कळ जण रोज नवे मीठ घालतात आणि आठवड्यात पाणी खारट करून ठेवतात. दहा दिवसांहून अधिक हा उपचार करू नये.

एक जुनी नोंदवही काढून तारीख, सकाळ-संध्याकाळचे तापमान, दाणे, बदललेले पाणी आणि शेरा असे रकाने आखले. चौथ्या दिवशी शेरा आहे, 'दोन दाणे खाल्ले.' नवव्या दिवशी, 'शेपटी पसरली.' तिसऱ्या आठवड्यात कुरतडलेल्या कडेबाहेर पारदर्शक, रंगहीन पातळ पट्टी दिसली. तो रोग वाढल्याचा भास होतो, परंतु नवा पर प्रथम असाच बिनरंगाचा फुटतो. उलट कड काळी वा लाल होऊन झीज अंगाकडे सरकू लागली, तर मात्र पाण्या-मिठावर थांबू नये.

मधल्या काळात एका दुकानातून लेबल नसलेल्या निळ्या औषधाची बाटली मिळाली आणि एका हितचिंतकाने माणसांच्या टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकण्यास सुचवले. दोन्ही कपाटात राहिली. रोग कोणता हे ठरल्याशिवाय, मात्रा कळल्याशिवाय दिलेले प्रतिजैविक टाकीतल्या उपकारक जीवाणूंनाही मारते आणि अमोनिया पुन्हा वाढतो.

इतर आजारांपैकी दोनच सांगतो. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो इक नावाचा परजीवी. त्वचेखाली असेपर्यंत औषध त्याला पोहोचत नाही. तो गळून तळाशी जातो, तेथे कोशात त्याचे शेकडो भाग होतात, आणि ते नव्या माशाच्या शोधात पोहू लागतात तेव्हाच उपाय लागू पडतो. २५ अंशांच्या आसपास हे चक्र सुमारे आठवड्याचे, थंड पाण्यात कित्येक आठवड्यांचे. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणारे पुन्हा फसतात. दुसरा आजार, पोटात पाणी साठून खवले उभे राहणे. वरून पाहता मासा सीताफळासारखा दिसतो. मूत्रपिंडे थकल्याची ही खूण असते. एप्सम मीठ वापरतात, पण या अवस्थेतून फार थोडे मासे परत येतात. आमच्या गल्लीतील एका घरचा मासा असाच गेला. तेथल्या मुलीला कुणी स्पष्ट सांगितले नाही, ती आठवडाभर पाणी बदलत राहिली.

आजारपणात एका ज्येष्ठ आप्तांनी सुचवले होते की याला विरचकला किंवा प्रकाशाला तापीत सोडून द्या, जीवदया होईल. भावना निर्मळ, तरी मी ऐकले नाही. लांब झालरीचा, भडक रंगाचा, हळू पोहणारा हा परदेशी मासा तेथे मोठ्या माशाचा घास व्हायचा किंवा हिवाळ्याच्या पहिल्या थंडीत मरायचा. आणि त्याच्या अंगावरचा रोग धरणातल्या हजारो माशांना लागू शकला असता. विकतचे मासे घेऊन सोडण्याची प्रथा असलेल्या कुटुंबांनी याचा विचार करावा असे मला वाटते.

बेट्टाचे आयुष्य साधारण दोन ते तीन वर्षांचे, क्वचित अधिक. आमच्याकडच्या माशाची शेपटी पूर्वीएवढी लांब झाली नाही, उजव्या बाजूने थोडी तोकडीच राहिली. उन्हाळ्यात मात्र त्याने पाण्यावर फेसाचे घरटे बांधले. नर हे अंडी सांभाळण्यासाठी बांधतो, येथे अंडी कुठून असणार! नोंदवही आता नातू लिहितो. मी रविवारी ती तपासतो तेव्हा दाण्यांच्या रकान्यात चार असतात आणि डबीतले कमी झालेले जास्त भरतात. विचारले की तो माशाकडे पाहतो.