विकास-उद्दिष्टे आणि बहुक्षेत्रीय भागीदारी : कुष्ठरोग निवारणाचा संदर्भ

प्रस्तावना :
संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी शेवटचे उद्दिष्ट भागीदारीचे आहे. शासन, उद्योगक्षेत्र व स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याशिवाय उर्वरित उद्दिष्टे साध्य होणार नाहीत, ही त्यामागील भूमिका होय. या सहकार्याचे सामर्थ्य आणि मर्यादा कुष्ठरोग निवारणाच्या कार्यात स्पष्टपणे दिसतात.

भागीदारीचे स्वरूप :
या कार्याचा प्रारंभ स्वयंसेवी क्षेत्राने केला. पनवेल तालुक्यातील नेरे येथील ‘शांतिवना’त कुष्ठरोग निवारण समिती रुग्णांवरील उपचार व पुनर्वसनाचे कार्य दीर्घकाळ करीत आली आहे. वर्धा येथे १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही पद्धती विकसित केली. पुढे शासनाच्या कार्यक्रमानेही ती स्वीकारली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि १९८३ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९९५ पासून जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने आणि २००० पासून नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या देणगीतून ही औषधे जगभर मोफत उपलब्ध झाली. परिणामी, डिसेंबर २००५ मध्ये भारतातील रुग्णप्रमाण दर दहा हजारी एकपेक्षा खाली आले.

मर्यादा :
हे उद्दिष्ट उपचाराखालील नोंदणीकृत रुग्णांच्या संख्येवर मोजले गेले. सहा किंवा बारा महिन्यांचा उपचार पूर्ण होताच रुग्णाचे नाव नोंदवहीतून कमी होते. त्याच्या हातापायांतील विकृती, तुटलेला रोजगार आणि कुटुंबाने नाकारलेला आधार मात्र कमी होत नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विविध व्यक्तिगत कायद्यांत होते. ते २०१९ मध्ये वगळण्यात आले. औषध पुरविणाऱ्या भागीदाराचे कार्य मोजता येते, पुनर्वसन करणाऱ्या संस्थेचे सहजासहजी येत नाही. म्हणूनच उद्दिष्टपूर्तीनंतरचा भार प्रामुख्याने अशा संस्थांवर राहतो. शिवाय २०२३ मध्येही भारतात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले. जगातील नव्या रुग्णांपैकी हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते.

निष्कर्ष :
भागीदारीचा करार करताना कोण काय देणार, एवढेच ठरविणे पुरेसे नाही. आकडा गाठल्यानंतर कोणते दायित्व कोणाकडे राहील आणि त्यासाठी निधी कोठून येईल, हेही आरंभीच निश्चित व्हावयास हवे. अन्यथा उद्दिष्ट साध्य होते, परंतु ज्याच्यासाठी ते ठरविले तो माणूस मागे राहतो.