सिमेंटची होडी

बालमित्रांनो, पावसाळ्यात कागदाच्या होड्या तुम्ही सगळ्यांनीच सोडल्या असतील. लाकडाची होडी, पत्र्याची होडीही पाहिली असेल. पण काँक्रीटची होडी पाहिली आहे का? होय, तेच काँक्रीट, ज्याचा आपल्या घराचा स्लॅब असतो!

मी वर्गात हा प्रश्न विचारला, तेव्हा चौथीचा अख्खा वर्ग खो खो हसला. "बाई, ती तर धोंड्यासारखी तळाला जाईल!" मागच्या बाकावरून आवाज आला.

मग मी मुलांना जे सांगितले, तेच तुम्हालाही सांगते. फ्रान्समधल्या लांबो नावाच्या गृहस्थांनी १८४८ साली लोखंडी जाळीवर सिमेंट थापून होडी बनवली आणि ती पाण्यावर चालवून दाखवली. अमेरिकेत तर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी काँक्रीटच्या होड्यांच्या स्पर्धाच भरतात. तिथली सिव्हिल इंजिनिअर मंडळींची संस्था १९८८ सालापासून राष्ट्रीय पातळीवर ही स्पर्धा भरवत आली आहे. विद्यार्थी स्वतः माल कालवतात, होडी घडवतात आणि तिच्यात बसून वल्हवतातसुद्धा. स्पर्धेत एक कठीण परीक्षा असते. होडी पाण्याने भरून बुडवायची, आणि ती आपली आपण वर आली पाहिजे! होडीच्या टोकांत थोडा फोम दडवायची मुभा असते, पण काँक्रीटच जड असेल तर तेवढ्याने भागत नाही.

आता एक हिशेब पाहा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा टाकीत १००० किलो पाणी मावते. तेवढ्याच आकाराचा साध्या काँक्रीटचा ठोकळा सुमारे २४०० किलो भरतो. म्हणजे पाण्याच्या जवळजवळ अडीचपट! पोकळ, खोलगट आकार दिला तर जड वस्तूही तरंगते. लोखंडाची जहाजे अशीच तरंगतात. पण पाणी आत भरल्यावरही वर यायचे, तर काँक्रीटच हलके हवे. ते हलके करायचे कसे?

लाडवातले गुपित

त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ या. शेंगदाण्याचा लाडू आणि चुरमुऱ्याचा लाडू, दोन्ही सारख्याच आकाराचे. पाक दोन्हींत गुळाचाच. तरी एक हाताला जड लागतो आणि दुसरा फुलासारखा हलका. असे का? कारण आत धरलेली वस्तू वेगळी आहे.

काँक्रीटचेही अगदी तसेच आहे बरं का. सिमेंट आणि पाणी यांचा झाला पाक. खडी आणि वाळू हे झाले शेंगदाणे. काँक्रीटमध्ये सगळ्यात जास्त जागा खडी-वाळूच अडवतात, म्हणून वजनही बहुतेक त्यांचेच. त्यांच्या जागी 'चुरमुरे' घातले की काँक्रीट हलके झाले!

हे चुरमुरे आणायचे कुठून? गंमत म्हणजे त्यातले बरेचसे आपण टाकून दिलेल्या वस्तूंतून मिळतात. फुटक्या काचेच्या बाटल्यांची पूड करून, त्यात फुगवणारा पदार्थ घालून ती भट्टीत तापवली, की काचेच्या आत बुडबुडे तयार होतात आणि पोकळ, हलके मणी मिळतात. होडीच्या स्पर्धेत असे मणी वापरले जातात.

दुसरी वस्तू आपल्या महाराष्ट्रातही ढिगांनी आहे. चंद्रपूर, कोराडी, परळी इथल्या वीजकेंद्रांची नावे तुम्ही भूगोलात वाचली असतील. आपल्याकडच्या कोळशात राख फार. शंभर किलो कोळसा जाळला तर साधारण तीस-चाळीस किलो राख उरते. ती पिठासारखी बारीक असते. उघड्यावर पडली तर वाऱ्याने उडते आणि शेतांवर, घरांवर बसते. पण ह्याच राखेत काही कण आतून पोकळ असतात. राखेच्या तळ्यात ते पाण्यावर तरंगत येतात. ते गोळा करून हलक्या काँक्रीटमध्ये घालता येतात.

उरलेली राखही वाया जात नाही. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होते तेव्हा त्यातून थोडा चुना सुटतो. राख त्या चुन्याशी हळूहळू मिळते आणि आणखी 'पाक' तयार करते. म्हणून सिमेंट थोडे कमी करून त्याजागी राख घातली, तर काँक्रीट सुरुवातीला सावकाश घट्ट होते, पण पुढे चांगले मजबूत होते. आपले जुने कारागीर चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळत असत. त्यामागची युक्तीही हीच.

रोम शहरात पँथिऑन नावाची इमारत आहे. तिचा घुमट काँक्रीटचा, सुमारे ४३ मीटर रुंद आणि जवळजवळ १९०० वर्षांचा. आत लोखंडाची एक सळईसुद्धा नाही! रोमन लोकांनी खालच्या भिंतींत जड दगड आणि विटांचे तुकडे घातले. वर घुमटाच्या माथ्याकडे मात्र ज्वालामुखीतून निघणारा, भोके-भोके असलेला हलका दगड वापरला. जिथे भार झेलायचा तिथे जड माल आणि जिथे ओझे नको तिथे हलका. शहाणे होते की नाही?

आमच्या वर्गातला प्रयोग

एवढे ऐकल्यावर मुले गप्प बसतील होय? "बाई, आपणही करू या!" आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील गवंडी आहेत. ते एका शनिवारी घमेलं आणि थापी घेऊन शाळेत आले. सिमेंटने हात सोलतात आणि त्याची धूळ नाकात जाते, म्हणून सिमेंट त्यांनीच हाताळले. तुम्हीही मोठ्या माणसांशिवाय सिमेंटला हात लावू नका.

आम्ही प्लॅस्टिकच्या सारख्या वाट्या घेतल्या. प्रत्येकीत एक भाग सिमेंट आणि तीन भाग भरणी. पहिल्या वाटीत फक्त वाळू. दुसरीत टीव्हीच्या खोक्यातून आलेल्या थर्मोकोलचे मणी. तिसरीत निम्मी वाळू, निम्मे मणी. माल घट्ट झाल्यावर ठोकळे काढून ओल्या पोत्याखाली ठेवले. रोज पाणी मारायची पाळी लावली. सिमेंटची ताकद २८ दिवसांनी मोजायची पद्धत आहे, म्हणून आम्हीही २८ दिवस थांबलो. मुलांना तेच सगळ्यात अवघड गेले!

शेवटी तो दिवस उजाडला. बादलीत वाळूचा ठोकळा टाकला, तो डुबुक् करून तळाला. मण्यांचा टाकला आणि काय आश्चर्य! तो तरंगला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग तिन्ही ठोकळे गुडघ्याएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकले. वाळूच्या ठोकळ्याचा टवकाही उडाला नाही. तरंगणाऱ्या ठोकळ्याचा मात्र भुगा झाला. निम्म्या-निम्म्याचा ठोकळा शाबूत राहिला, पण तो पाण्यात बुडाला होता.

मुलांची तोंडे पडली. जो तरंगला तो फुटला आणि जो टिकला तो बुडाला! गवंडीकाका हसून म्हणाले, "पोरांनो, हलकं करणं सोपं हाय. हलकं करून पक्कं ठेवणं, ही खरी कारागिरी."

काकांनी मोलाची गोष्ट सांगितली. हवेला ताकद नसते. काँक्रीटमध्ये जितकी हवा कोंडाल तितके ते हलके होते, तसेच कमजोरही होते. मग इंजिनिअर काय करतात? ते मऊ मण्यांऐवजी काचेसारख्या कडक कवचाचे मणी घेतात. मोठे, मध्यम आणि अगदी बारीक मणी एकत्र मिसळतात, म्हणजे मोठ्यांच्या फटीत बारीक बसतात. पाणी बेताचेच घालतात, कारण जास्तीचे पाणी वाळून गेल्यावर मागे भोके राहतात. आत बारीक तंतू किंवा जाळी घालतात, म्हणजे काँक्रीटला तडा गेला तरी ते सुटत नाही. आणि दर वेळी ठोकळे करून, दाबून, मोजून पाहतात. अंदाजाने काही करत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काम कोणते हे ते आधी ठरवतात. नुसती आडभिंत बांधायची असेल तर राख, चुना, सिमेंट आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड घेऊन ढोकळ्यासारखे फुगवलेले, वाफेवर पक्के केलेले ठोकळे चालतात. ते पाण्याहूनही हलके असतात. खांबाला मात्र ते चालायचे नाहीत.

हलके कशाला हवे?

"पण बाई, होडी सोडली तर हलक्या काँक्रीटचा उपयोग काय?" एका मुलाने विचारले. प्रश्न चांगला होता.

मी मूळची लातूरकडची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. मी तेव्हा आईच्या कडेवर होते, पण घरात ती गोष्ट इतक्यांदा ऐकली की ती मला दिसतेच. तिकडची घरे म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. जमीन हलली आणि ते सगळे ओझे खाली आले. हजारो माणसे आपल्याच घरांखाली गेली.

बस एकदम सुरू झाली की तुम्ही मागे ढकलले जाता ना? पाठीवर जड दप्तर असेल तर आणखीनच. घराचेही तसेच होते. छप्पर जितके जड, तितका भूकंपाचा धक्का मोठा बसतो. म्हणून हलके छप्पर आणि हलक्या भिंती हव्यात. पण नुसते हलके असून भागत नाही. भिंती, खांब आणि छप्पर एकमेकांना घट्ट बांधलेलेही हवेत.

हे सांगून झाल्यावर वर्गात कोणी बोलले नाही. मग गवंडीकाकांची मुलगी म्हणाली, "बाई, आपण परत करू या. ह्या वेळी जाळी घालू."

आणि आम्ही केली! पालथ्या पातेल्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला. त्यावर निम्म्या-निम्म्या मालाचा पातळ थर दिला. मध्ये कांद्याच्या गोणीची जाळी दाबून बसवली आणि वर दुसरा थर थापला. पुन्हा २८ दिवस पाणी मारले. शाळेच्या हौदात ती सोडली तेव्हा ती डुलत डुलत तरंगली. आत खडूचे चार डबे ठेवले, तरी तरंगली!

मग आम्ही तिच्यात पाणी भरून पाहिले. ती बुडाली, आणि वर काही आली नाही. आकाराने तरंगत होती ना, वजनाने नव्हे!

तेव्हा बालमित्रांनो, आमच्यापुढचे कोडे अजून सुटलेले नाही. माल आणखी हलका करायचा आणि तरी फुटू द्यायचा नाही. पुढच्या वेळी विटांचा चुरा घ्यावा की दोन आकारांचे मणी, यावर वर्गात रोज भांडणे चालू आहेत. तुम्ही काय घातले असते? घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन करून पाहा. आणि हो, २८ दिवस पाणी मारायला विसरू नका!