'जिवंत' हा शब्द कोठे योजावा?

शब्दाचा अर्थ माहीत असणे निराळे आणि तो शब्द योग्य ठिकाणी योजता येणे निराळे. 'जिवंत' म्हणजे ज्यात जीव आहे असा, हे सांगण्यासाठी कोणाला शब्दकोश उघडावा लागत नाही. तरीही पुढील दोन वाक्ये वाचून पाहा :

(१) पंचगंगेच्या पुरात वाहून गेलेले वासरू दुसऱ्या दिवशी जिवंत सापडले.
(२) आमचे आजोबा जिवंत आहेत.

व्याकरणदृष्ट्या ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिले ऐकून मनाला आनंद होतो; दुसरे ऐकून मात्र घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल. असे का व्हावे?

प्रथम या शब्दाचे कूळ पाहू. 'जिवंत' हा शब्द संस्कृतातील 'जीव्' म्हणजे जगणे या धातूपासून आला आहे. जो जगत आहे, तो जिवंत. वाक्यात हा शब्द विशेषणाचे काम करतो आणि त्याचे रूप लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. जिवंत मासा, जिवंत मासोळी, जिवंत पाखरू, जिवंत पाखरे, असे आपण म्हणतो. याच अर्थाचे 'जिता' हे विशेषण मात्र आकारान्त असल्यामुळे जिता, जिती, जिते असे बदलते.

इंग्रजी शिकताना तुम्हांला या अर्थाची 'अलाइव्ह', 'लिव्हिंग' आणि 'लाइव्ह' ही तीन विशेषणे भेटतील. त्यांपैकी 'अलाइव्ह' हे सामान्यतः नामाच्या लगेच आधी येत नाही. 'मासा अलाइव्ह आहे' या धर्तीचे वाक्य चालते. परंतु 'अलाइव्ह मासा' अशी रचना चालत नाही, तेथे 'लाइव्ह' किंवा 'लिव्हिंग' घ्यावे लागते. मराठीत असे जागेचे बंधन नाही. 'जिवंत मासा' आणि 'मासा जिवंत आहे' ही दोन्ही रूपे आपण सहज वापरतो. मराठीतील बंधन आहे ते औचित्याचे.

'जिवंत' या शब्दामागे नेहमी मृत्यूची छाया उभी असते. जेथे मरणाचा संभव होता किंवा तशी शंका होती, तेथे हा शब्द शोभतो. पुरात सापडलेले वासरू मेले असेल, असेच सर्वांना वाटले होते. म्हणून 'जिवंत' या शब्दाने तेथे जीव ओतला. आजोबा तर सकाळी अंगणात वर्तमानपत्र वाचत बसले आहेत! त्यांच्या बाबतीत ही छाया आणण्याचे कारण काय? थोरांविषयी असे सांगण्याचा प्रसंग आलाच, तर 'आजोबा हयात आहेत' असे म्हणावे. 'हयात' हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ जीवन, आयुष्य. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात द्यावा लागतो तो 'हयातीचा दाखला' होय. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. हे कार्य 'महाराजांच्या हयातीत' झाले असे आपण लिहितो. 'महाराज जिवंत असताना' असे लिहीत नाही.

'सजीव' हा शब्द आणखी निराळा. विज्ञानाच्या पुस्तकात सृष्टीचे दोन भाग केलेले असतात : सजीव आणि निर्जीव. हा शब्द वर्ग सांगतो, अवस्था सांगत नाही. म्हणून विरुद्धार्थी शब्द देताना सावध असावे. 'सजीव'च्या विरुद्ध 'निर्जीव' आणि 'जिवंत'च्या विरुद्ध 'मृत'. दगड निर्जीव आहे. त्याला मृत म्हणता येत नाही. जो कधी जगलाच नाही, तो मरणार कसा? कोल्हापुरात गणेशोत्सवात माणसे स्वतः वेष धारण करून प्रसंग सादर करतात, त्याला 'सजीव देखावा' म्हणतात. पुतळ्यांच्या जागी माणसे आहेत, एवढेच तेथे सांगायचे असते.

कधी कधी जीव नसलेल्या वस्तूंनाही आपण 'जिवंत' म्हणतो. कोल्हापूरजवळच्या उचगावातील एखादा शेतकरी आपल्या विहिरीला 'जिवंत झरा आहे' असे अभिमानाने सांगेल. उन्हाळ्यातही तो वाहतो, आटत नाही, असा त्याचा अर्थ. न उडालेले काडतूस ते जिवंत काडतूस. वीज वाहत असलेली तार ती जिवंत तार. जी शक्ती नाहीशी होऊ शकते, ती अजून टिकून आहे, हा अर्थ या सर्वांत समान आहे. वादळात तुटून पडलेली तार जिवंत आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती जिवंतच आहे असे समजून दूर राहावे आणि मोठ्या माणसांना कळवावे. परंतु इंग्रजीतील 'लाइव्ह' या शब्दाचे भाषांतर सर्वत्र 'जिवंत' असे करू नये. क्रिकेटच्या सामन्याचे होते ते 'थेट प्रक्षेपण'.

एखाद्याच्या साऱ्या हक्कांचा भार या एका शब्दावर कसा पडू शकतो, याचे उदाहरण उत्तर प्रदेशात घडले. आझमगढ जिल्ह्यातील लालबिहारी यांची सरकारी कागदांत मृत म्हणून नोंद झाली आणि त्यांची जमीन नातेवाइकांच्या नावे गेली. १९७५ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षे, ते चालतेबोलते असूनही कागदावर मृत होते. त्यांनी आपल्या नावापुढे 'मृतक' असा शब्द जोडला, स्वतःसारख्या इतरांना एकत्र केले आणि ते निवडणुकीलाही उभे राहिले. अखेर १९९४ साली त्यांची नोंद दुरुस्त झाली. 'मी जिवंत आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडी किती यथार्थ होते! तेथे 'सजीव' म्हणून भागले नसते आणि 'हयात' हा शब्दही फिका पडला असता. कारण ज्याला मृत ठरवले आहे, त्याने 'जिवंत' हाच शब्द उच्चारला पाहिजे.

सारांश, वर्ग सांगायचा असेल तेथे 'सजीव' म्हणावे, आदर राखायचा असेल तेथे 'हयात' म्हणावे, आणि मरणाच्या शंकेला उत्तर द्यायचे असेल तेथे निःशंकपणे 'जिवंत' म्हणावे. शब्द निवडताना अर्थाबरोबर ऐकणाऱ्याच्या मनाचाही विचार करावा. भाषा चांगली येणे म्हणतात ते हेच.