विश्लेषण : लिलावातले घर स्वस्त, पण आतल्या भाडेकरूचे काय?

कर्ज थकले की बँक घर लिलावात काढते आणि किंमत पाहून अनेकांना मोह होतो. पण घरात भाडे न देणारा भाडेकरू असेल तर? जेएनपीए बंदर, गोदामे आणि नवी मुंबई विमानतळामुळे उरण-पनवेल पट्ट्यात गुंतवणूक म्हणून घर घेणारे वाढले आहेत. त्यांनी बोली लावण्यापूर्वी काय तपासावे?

लिलाव कोणत्या कायद्याने होतो?

२००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याने. कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस देऊन, थकबाकी न भरल्यास बँक ताबा घेते आणि घर विकते. बोली मंजूर झाल्यावर अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. उरलेली साधारण १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी जास्तीत जास्त तीन महिन्यांत. चुकल्यास भरलेले पैसे जप्त होतात. म्हणून गृहकर्जाची तयारी आधीच हवी.

नोटिशीत काय वाचावे?

ताबा ‘सांकेतिक’ आहे की ‘प्रत्यक्ष’ हे सर्वांत आधी. सांकेतिक म्हणजे दारावर नोटीस लागली, पण आत माणसे राहतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे रायगडमध्ये अलिबागला, अर्ज करावा लागतो. ‘जसे आहे, जेथे आहे’ या शब्दांचा अर्थ त्रासासकट घर तुमचे. वीजबिलाची जुनी थकबाकीही नव्या मालकाकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे.

आत कोण राहते, याने काय फरक पडतो?

सगळा फरक त्यानेच पडतो. समजा, चिरनेरला चार खोल्यांचे घर लिलावात आहे.

पहिल्या खोलीत कर्जदार स्वतः राहतो. त्याला हटवणे तुलनेने सरळ.

दुसरीतला माणूस नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर आला आणि मुदत संपली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट भरपाईही मागता येते.

तिसरीतला भाडेकरू घर गहाण पडण्याआधीपासूनचा आहे. इथे सावध व्हा. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला ‘सरफेसी’च्या आधारे काढता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या कलसारिया खटल्यात दिला.

चौथीतला गहाणानंतर, बँकेला न विचारता आला. त्याची बाजू कमकुवत. पुराव्याविना नुसता तोंडी भाडेकराराचा दावा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. तरी असा भाडेकरू कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकतो आणि त्यात महिने जातात.

भाडे देत नाही, एवढे कारण पुरेसे नाही का?

नाही. भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तर आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. मग दावा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के व्याजासह भरली आणि पुढे भाडे चालू ठेवले, तर तो घरात राहू शकतो. हा कायदा ठरावीक भागांनाच लागू आहे. त्यामुळे गावाला तो लागू आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्या.

जुने थकलेले भाडे मिळेल का?

आपोआप नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ नुसार, वेगळा करार नसेल तर खरेदीपूर्वीच्या थकबाकीवर नव्या मालकाचा हक्क नसतो. खरेदीनंतर लगेच भाडेकरूला लेखी कळवा; नाहीतर तो जुन्या मालकाला भाडे देऊन मोकळा होईल.

पाणी-वीज तोडून बाहेर काढले तर?

आवश्यक सेवा तोडणे भाडे नियंत्रण कायद्याने गुन्हा आहे. जबरदस्तीने काढलेला माणूस सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मिळवू शकतो. तिथे मालकी कोणाची हा प्रश्न येत नाही.

बोलीआधी काय करावे?

* स्वतः जाऊन आत राहणाऱ्यांशी बोला. करार, भाडेपावत्या, वीजबिल पाहा.
* गहाणाची तारीख आणि भाडेकराराची तारीख शेजारी ठेवा.
* न्यायाधिकरणात दावा चालू आहे का, बँकेला लेखी विचारा.
* जमीन बिगरशेती आहे ना, पाहा. शेतजमिनीवरील गहाणाला ‘सरफेसी’ लागू नाही.
* ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

शेवटी हिशेब मांडा : बोलीची रक्कम, थकीत बिले, वकिलाची फी आणि भाड्याविना जाणाऱ्या महिन्यांतले हप्ते. ही बेरीज बाजारभावाच्या बरीच खाली राहिली, तरच घर स्वस्त. नाहीतर ती कोर्टाची तारीख विकत घेतल्यासारखे आहे.