घोळक्यातली शर्यत : खरी चुरस की नशिबाचा खेळ?



हवेचा रोध शिकवताना मी वर्गात एका शर्यतीची चित्रफीत दाखवली. अमेरिकेतली मोटारींची शर्यत. चाळीसेक गाड्या, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग आणि पुढच्या-मागच्या गाडीत जेमतेम हातभर अंतर! मुलं श्वास रोखून बघत होती. चित्रफीत संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, यातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर सरळ पुढे निघून का जात नाही?"

प्रश्न छोटा आहे, पण त्याच्या उत्तरात अर्धं विज्ञान आहे आणि अर्धा भाग "चांगली स्पर्धा कशाला म्हणायचं?" या विचाराचा आहे. आजच्या पाठात दोन्ही बघूया.

स्टॉक कार म्हणजे काय?

"स्टॉक" म्हणजे दुकानात मिळते तशी. सुरुवातीला लोक खरोखरच साध्या मोटारी घेऊन शर्यतीत उतरायचे. १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था स्थापन झाली आणि या खेळाला नियम मिळाले. आजच्या गाड्या बाहेरून ओळखीच्या मोटारींसारख्या दिसतात, पण आतून पूर्णपणे शर्यतीसाठीच बनवलेल्या असतात.

या खेळातले दोन ट्रॅक फार प्रसिद्ध आहेत. फ्लोरिडातला डेटोना १९५९ मध्ये सुरू झाला. त्याची एक फेरी अडीच मैलांची, म्हणजे सुमारे चार किलोमीटरची. अलाबामातला टॅलाडेगा १९६९ चा. त्याची फेरी २.६६ मैलांची. घाटातल्या वळणावर रस्ता आतल्या बाजूला थोडा कललेला असतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तसाच कल इथेही असतो, पण केवढा! डेटोनाला ३१ अंश आणि टॅलाडेगाला ३३ अंश. एवढ्या कलामुळे वळणावरही वेग फारसा कमी करावा लागत नाही.

हवेची भिंत

सायकल चालवताना समोरून वारा आला की पाय भरून येतात. पुढे एखादा सायकलवाला असेल आणि आपण त्याच्या अगदी मागे राहिलो, तर मात्र बरंच हलकं वाटतं. हवा फोडायचं काम पुढचा करतो आणि मागच्याला आयती वाट मिळते. (हा प्रयोग एसटी किंवा ट्रकच्या मागे कधीही करू नका!)

मोटारींचंही तसंच आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या रोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग फक्त १० टक्के वाढवायचा तर शक्ती सुमारे ३३ टक्के जास्त हवी. करून बघा, १.१ × १.१ × १.१ = १.३३१.

म्हणून एवढ्या वेगाला मागच्या गाडीचा मोठा फायदा होतो. गंमत म्हणजे पुढच्या गाडीचाही होतो. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाची जागा तयार होते आणि ती गाडीला मागे ओढत राहते. दुसरी गाडी अगदी चिकटून आली की ही ओढ कमी होते. त्यामुळे एकट्या गाडीपेक्षा दोन गाड्यांची जोडी वेगवान आणि जोडीपेक्षा लांब रांग वेगवान. याला ड्राफ्टिंग म्हणतात. १९६० च्या डेटोना ५०० मध्ये ज्युनियर जॉन्सनची गाडी इतरांपेक्षा हळू होती. वेगवान गाड्यांच्या मागे चिकटून राहिलं की आपलाही वेग वाढतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती शर्यत जिंकली.

मग घोळका कुठून आला?

ड्राफ्टिंग जुनंच आहे. पण आज दिसतो तो मोठा घोळका एका अपघातानंतर आला.

१९८७ मध्ये टॅलाडेगाला बिल एलियटने पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल वेग गाठला, म्हणजे ताशी सुमारे ३४२ किलोमीटर. त्याच शर्यतीत बॉबी अॅलिसनच्या गाडीचा टायर फुटला, गाडी हवेत उडाली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीच्या कुंपणावर आदळली. प्रेक्षक जखमी झाले. गाडी आणखी थोडी पलीकडे गेली असती तर काय झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही. बॉबी वाचला आणि ती शर्यत त्याच्याच मुलाने, डेव्हीने जिंकली.

वेग कमी करणं भाग होतं. १९८८ पासून या दोन ट्रॅकवर इंजिनात रिस्ट्रिक्टर प्लेट बसवणं सक्तीचं झालं. ही म्हणजे चार भोकांची धातूची चकती. कार्ब्युरेटरच्या खाली बसवली की इंजिनात जाणारी हवा कमी होते आणि शक्ती घटते. त्या नियमाखालची पहिली डेटोना ५०० बॉबी अॅलिसननेच जिंकली, आणि दुसरा आला डेव्ही! पुढे २०१९ मध्ये प्लेटऐवजी वेगळा भाग आला, पण तत्त्व तेच राहिलं. २०२२ च्या नव्या गाडीसाठी बहुतेक ट्रॅकवर ६७० अश्वशक्ती ठरवली गेली, तर डेटोना आणि टॅलाडेगाला फक्त ५१०.

आता नीट लक्ष द्या. शक्ती कमी झाल्यामुळे ड्रायव्हर पूर्ण फेरीत अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतच नाही. वळणावर किती आधी वेग कमी करायचा, घासलेल्या टायरवर गाडी कशी सांभाळायची, हे कौशल्य जवळजवळ बाजूला पडतं. सगळ्यांचा वेग सारखा होतो. कोणी पुढे निघायचा प्रयत्न केला तर हवा फोडायला तो एकटा पडतो आणि मागची रांग त्याला गिळते.

मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं हे उत्तर झालं. चांगला ड्रायव्हर पुढे निघून जात नाही, कारण त्याला जाता येत नाही.

सोप्या पेपरची गोष्ट

हे आपल्या भाषेत सांगतो. समजा मी गणिताचा पेपर इतका सोपा काढला की चाळीस मुलांपैकी अडतीस जणांना ९५ ते ९७ मार्क पडले. निकाल बघणारा म्हणेल, "वा! काय चुरस आहे!" पण खरंच चुरस आहे का? पहिला कोण आला हे अभ्यासावरून ठरलंच नाही. कोणाची बेरीज चुकली, कोणाचं पेन अडलं, यावरून ठरलं. पेपर मुलांमधला फरक मोजू शकला नाही, म्हणून सगळे जवळजवळ दिसले.

म्हणजे जवळ असणं वेगळं आणि चुरस असणं वेगळं.

दोन शर्यती शेजारी ठेवून बघू. २००३ मध्ये डार्लिंग्टनला रिकी क्रेव्हनने कर्ट बुशला हरवलं, तेव्हा अंतर होतं ०.००२ सेकंद. २०११ मध्ये टॅलाडेगाला जिमी जॉन्सनने क्लिंट बोयरला हरवलं. अंतर पुन्हा ०.००२ सेकंदच!

आकडा एकच, पण गोष्टी वेगळ्या. डार्लिंग्टनचा रस्ता खरखरीत, टायर लवकर घासतात, घोळका टिकत नाही. बुशच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग गेलं होतं, तरी तो पुढे होता. क्रेव्हनने ते अंतर फेरी-फेरीला कमी करत आणलं आणि शेवटी दोघे एकमेकांना घासत रेषेवर पोचले. ते ०.००२ सेकंद दोघांनी कमावलेले होते. टॅलाडेगाच्या त्या शर्यतीत १८८ फेऱ्यांमध्ये आघाडी ८८ वेळा बदलली. गाड्या जोडी-जोडीने धावत होत्या आणि जॉन्सनला मागून त्याच्याच संघातला ड्रायव्हर ढकलत होता. बघायला थरार खूप, पण इतक्या सहज बदलणाऱ्या आघाडीची किंमत किती? तिथलं अंतर मुख्यतः हवेने आणि नियमाने राखलेलं होतं.

दुसरी बाजूही ऐका

पण घोळका म्हणजे निव्वळ लॉटरी, असं म्हणणंही चूक आहे. नुसतं नशीब असतं तर तीच नावं पुन्हा पुन्हा आली नसती. डेल अर्नहार्टने टॅलाडेगाला १० शर्यती जिंकल्या. २००० च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या पाच फेऱ्या उरल्या असताना तो अठरावा होता, आणि जिंकला! त्याच्या मुलाने २००१ ते २००३ मध्ये तिथे सलग चार शर्यती जिंकल्या. मायकल वॉल्ट्रिपने कारकिर्दीत मुख्य मालिकेच्या चार शर्यती जिंकल्या, त्या चारही डेटोना आणि टॅलाडेगालाच. डोळ्यांना न दिसणारी हवा वाचणं, कोणत्या रांगेत कधी शिरायचं, कोणावर विश्वास ठेवायचा, मागच्याला कसं अडवायचं, हे कौशल्यच आहे.

शिवाय इथे छोट्यांना संधी मिळते. २०११ ची डेटोना ५०० ट्रेव्हर बेनने जिंकली. आदल्याच दिवशी त्याला विसावं वर्ष पूर्ण झालं होतं. २०२१ ची शर्यत मायकल मॅकडॉवेलने जिंकली. ती त्याची ३५८ वी शर्यत आणि पहिलाच विजय. मोठ्या संघांकडे पैसा असतो, म्हणून दर वेळी तेच जिंकावेत का? नाही. या गोष्टी ऐकून आपल्यालाही बरंच वाटतं.

पण मॅकडॉवेल कसा जिंकला तेही बघा. शेवटच्या फेरीत त्याच्या पुढच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. दोन्ही एकाच संघाच्या! त्याने वाट काढली, हे त्याचं कौशल्य. पण वाट उघडली दुसऱ्यांच्या चुकीने. त्या काळच्या नियमात अशा एका विजयाने वर्षाच्या अंतिम टप्प्यात जागा मिळत असे आणि त्यालाही ती मिळाली. म्हणजे एका दिवसाच्या घोळक्याचा परिणाम पूर्ण हंगामावर झाला.

आणखी एक गोष्ट अलीकडे दिसू लागली आहे. घोळक्यात पुढे जाणं अवघड, म्हणून गाड्या बराच वेळ मुद्दाम हळू धावतात आणि इंधन वाचवतात. इंधन कमी भरावं लागलं की थांब्यावर वेळ वाचतो आणि तिथेच नंबर वर सरकतो. बाहेरून वाटतं केवढी लढाई चालू आहे, आणि आत ड्रायव्हर पाय अर्धा उचलून बसलेला!

किंमत कोण देतो?

गाड्या इतक्या जवळ असल्या की एकाची चूक एकट्याची राहत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये टॅलाडेगाला सर्वांत पुढच्या गाडीला मागून धक्का बसला आणि एका क्षणात २८ गाड्या अडकल्या. त्यातल्या बहुतेकांनी काहीच चूक केली नव्हती.

गाड्यांचं नुकसान भरून निघतं. माणसांचं काय? २००१ च्या डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर डेल अर्नहार्टचा मृत्यू झाला. घोळक्यातला सर्वांत निष्णात मानला जाणारा माणूस तिथेच गेला. २००९ मध्ये टॅलाडेगाला अंतिम रेषेजवळ कार्ल एडवर्ड्सची गाडी उडून जाळीवर आदळली आणि पुन्हा प्रेक्षक जखमी झाले. २०२० मध्ये डेटोनाला रायन न्यूमन शेवटच्या फेरीत आघाडीवर होता. मागून धक्का बसला आणि गाडी उलटली. सुधारलेल्या सुरक्षा साधनांमुळे तो बचावला आणि दोन दिवसांनी चालत घरी गेला.

१९८७ सारखं पुन्हा होऊ नये म्हणून प्लेट आणली. वेग कमी झाला, पण त्याच उपायातून घोळक्याचा नवा धोका जन्माला आला. एक अडचण सोडवताना दुसरी कशी तयार होते, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

तर मग उत्तर काय?

मला विचाराल तर चांगल्या स्पर्धेला तीन गोष्टी लागतात. निकाल आधीच ठरलेला नसावा. जो जास्त चांगला, त्याला आपला चांगुलपणा दाखवायला वाव असावा. आणि आपल्या चुकीची शिक्षा मुख्यतः आपल्यालाच व्हावी.

घोळक्याची शर्यत पहिल्या कसोटीत पैकीच्या पैकी मार्क मिळवते. दुसरीत काठावर पास होते. तिसरीत मात्र नापास. म्हणून माझ्या मते ती चांगला खेळ आहे, पण चांगली परीक्षा नाही. ३६ शर्यतींच्या हंगामात अशा मोजक्याच शर्यती असतात, तेवढ्या मसाल्यासारख्या ठीक. भाजीत मसाला हवाच, पण नुसता मसाला कोणी वाढत नाही.

आणि हो, नॅसकारच्या मुख्य मालिकेतला सर्वांत कमी अंतराचा निकाल २०२४ मध्ये कॅन्ससला लागला. काइल लार्सन ख्रिस बुशरच्या फक्त ०.००१ सेकंद पुढे होता. कॅन्सस हा घोळक्याचा ट्रॅक नाही. म्हणजे चुरस निर्माण करायला सगळ्यांना एकत्र बांधूनच ठेवावं लागतं, असं नाही.

विचार करा आणि वहीत लिहा

१. वेग २० टक्के वाढवायचा असेल तर शक्ती साधारण किती टक्के जास्त लागेल?
२. संगीत खुर्ची आणि शंभर मीटर धावणे, यातल्या कोणत्या खेळात नशिबाचा वाटा जास्त? का?
३. आपल्या शाळेच्या क्रीडा दिवसातला एक खेळ घ्या आणि वरच्या तीन कसोट्या लावून बघा. कुठे मार्क कमी पडतात?

माझ्या मताशी तुम्ही सहमत असायलाच हवं, असं मुळीच नाही. मात्र वेगळं मत असेल तर कारणासहित लिहा. वर्गात वाचून दाखवू.