खळ्यापर्यंतची उधारी

गावचा एखादा सुतार गेला की त्याच्या तेराव्याला जमलेली माणसं हमखास तेच बोलतात. हसतमुख होता, हाताला चोख होता, मुलाबाळांत रमणारा होता. यातलं काही खोटं नसतं. तरीही हेच शब्द शेजारच्या गावातल्या लोहारालाही तंतोतंत बसतात, आणि आपण नेमकं कोणाला आठवतो आहोत ते कळतच नाही. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा, की कारागिराला हसतमुख राहणं इतकं गरजेचं का होतं?

चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्यासारख्या गावात त्याचं उत्तर शोधता येतं. आजचं सावर्डे म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरची गजबजलेली बाजारपेठ. कोकण रेल्वेचं स्थानक, गोविंदराव निकमांनी उभी केलेली सह्याद्री शिक्षण संस्था, तिचं शिल्प व चित्रकला महाविद्यालय, जवळच डेरवणची शिवसृष्टी आणि वालावलकर रुग्णालय. शिमग्यात जळती लाकडं एकमेकांच्या दिशेनं भिरकावणारा इथला होल्टे होम दूरवर ठाऊक आहे. काताचे कारखाने ही या पट्ट्याची आणखी एक ओळख. या सगळ्याच्या मागे वाड्यावाड्यांतून विखुरलेलं भातशेतीचं जुनं गाव आहे, आणि कारागीर त्या गावाचा माणूस.

त्याचं वर्ष पावसाच्या हिशेबानं चाले. मृगाआधी नांगर, जू, इसाड, रुमणं आणि चिखल सपाट करायचा गुठा तयार हवा. त्याच वैशाखात घरोघरी शाकारणी, म्हणजे कुजलेला वासा आणि मोडलेली रीप बदलायची. लावणी आटोपली की गणपतीची माटवी आणि पाट. खंडेनवमीला वाकस, पटाशी, रंधा, करवत, गिरमिट धुऊन पूजेला लागत. नांगराला खैर किंवा ऐन, घरकामाला सागवान, किंजळ नाहीतर फणस. कुठल्या झाडाचा बाक कशाला उपयोगी पडेल, हे तो झाड उभं असतानाच सांगे.

काम मृगाआधीचं आणि मोबदला मात्र कापणीनंतरचा. झोडणी होऊन खळ्यावर रास पडली की त्यातून पायलीच्या मापानं भात मिळे. मधले पाच महिने सगळा व्यवहार तोंडी. त्यात कोकणातली खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताची सत्ता. खोताला अर्धेल किंवा तिर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा, दिल्यावर कुळाकडे उरेल त्यातून सुताराचं माप. पीक बुडालं की हे माप पुढच्या वर्षावर जाई. मुंबई सरकारनं खोती रद्द करणारा कायदा 1949 साली केला, तोवर अनेक गावांत हा क्रम असाच होता. ज्याची येणी निम्म्या गावाकडे अडकलेली आणि कागद एकाही घराकडे नाही, त्यानं कोणाशी वाकडं घेऊन कसं भागणार? अंगणात पाऊल टाकताच आजीची चौकशी, पोराच्या हातात लाकडाची भिंगरी, यजमानाची थोडी थट्टा, ही त्याची वसुलीचीच रीत होती. स्वभाव होता हे खरं, पण त्या स्वभावावर घर चालत होतं.

वसुलीचं दुसरं वेळापत्रक मुंबईच्या हातात होतं. रत्नागिरी जिल्ह्यातले हजारो पुरुष गिरण्यांत गेले आणि मागची घरं मनीऑर्डरीवर चालली. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येई, तेव्हा रोखीचे पैसे हातावर पडत. एरवी वाडीत म्हातारी माणसं, बायका आणि मुलं. अशा वाडीत बारा महिने हजर असणारा धडधाकट पुरुष म्हणजे कारागीर. दाराची कडी निखळली, रहाट अडकला, तिरडीला बांबू हवे झाले, की हाक त्यालाच. त्यामुळे तो अर्ध्या गावाचा काका झाला. रात्री जाखडीत त्याचा आवाज, नमनात संकासुराचं सोंग त्याच्याकडे. दिवसा घराघरांत कमावलेली ओळख रात्री कामाला येई, आणि रात्रीचं हसू दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर.

मात्र हे चित्र गुळगुळीत करून चालणार नाही. त्रिंबक नारायण अत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’त बलुतेदारांचं, म्हणजे धान्याच्या वाट्यावर गावाची कामं करणाऱ्यांचं, सविस्तर वर्णन आहे आणि त्यांच्यावर कडक टीकाही आहे. बलुत्यांच्या हक्काखाली कुणबी कसा पिचतो, ही अत्र्यांची तक्रार. म्हणजे खळ्यावर दोन्ही बाजूंना कुरकुर होतीच. शिवाय हसण्याची मुभासुद्धा जातीच्या पायरीप्रमाणे होती. सुतार ओटीवर टेकून थट्टा करू शके, चांभाराला अंगणाच्या कडेला थांबावं लागे. महारांच्या वाट्याला आलेलं बलुतं तर अपमानासकट येई. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते याच बंधनातून सुटण्यासाठी, आणि 1978 साली दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिलं. ‘सदा हसतमुख’ म्हणताना त्याला रागावण्याची सोय होती का, हेही विचारलं पाहिजे.

कारागिरानं स्वतःच आपलं हसू लिहिल्याची एक मोलाची नोंद मराठीत आहे. न्हावी कुटुंबात जन्मलेले राम नगरकर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडले आणि दादा कोंडक्यांबरोबर ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये गाजले. पुढे ‘रामनगरी’ या आत्मकथनात आणि त्याच नावाच्या एकपात्री प्रयोगात त्यांनी आपली जात, धंदा आणि संसार यांवर प्रेक्षकांना मनसोक्त हसवलं. 1982 साली त्यावर हिंदी चित्रपट आला, नायक अमोल पालेकर. दुसऱ्यानं चेष्टा करण्याआधी स्वतःच करायची, म्हणजे तिची धार आपल्या हातात राहते, हे शहाणपण गिऱ्हाइकांच्या सहवासातलं आहे.

संसारी माणूस म्हणून त्याची आठवण काढताना एक गोष्ट हमखास निसटते. त्याचं घर हाच त्याचा कारखाना होता. कुंभाराची माती मळायला, बुरडाच्या टोपल्या विणायला घरातल्या बायकांचे हात असत. सुताराची बायको वाकस धरत नसेल, पण तो गावभर फिरत असताना शेत, गुरं आणि मुलं तीच बघे. चुलीत ढलप्या तीच सारी, आणि कोणाकडून किती पायली यायच्या आहेत हेही बहुतेकदा तिच्याच डोक्यात असे. सरकारी कागदांत हिला जागा नाही. 1880 सालच्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये जातींची आणि धंद्यांची वर्णनं आहेत, पण माणसाचं नाव त्यात क्वचित, आणि त्याच्या बायकोचं तर नाहीच.

पुढे सगळं रोखीवर आलं. काताच्या कारखान्यात खैराचा गाभा तासून उकळतात आणि तो रस आटवून थिजवतात. म्हणजे सुतार ज्या गाभ्यावर नांगरासाठी नजर ठेवून असे, त्याला आता दुसरं गिऱ्हाईक होतं, तेही रोख देणारं. पॉवर टिलर आले तशी नांगराची गरज घटली. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईचं तयार फर्निचर आणखी जवळ आलं. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार-लोहारांसह 18 व्यवसाय आहेत. अवजारांसाठी 15 हजार रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून 3 लाखांपर्यंत कर्ज, व्याज 5 टक्के. बिनव्याजी उधारीवर पिढ्या काढलेल्या घरांना हा आधार मोठा आहे. पण योजनेच्या ओळखपत्रावर धंदा नोंदवता येतो, पत नाही.

दिवाळीत मुंबईची माणसं गावी येतील, ओटीवर गप्पा होतील, गेलेल्या काकांचा विषय निघेल. तेव्हा ते किती छान होते एवढ्यावर थांबू नये. कोणत्या घरातला कोणता खांब त्यांच्या हातचा, कोणाकडे किती भात राहिलं, कोणाला त्यांनी ते सोडून दिलं, हिशेब कोण ठेवी, ते एकदा तरी कोणावर चिडले होते का, हे विचारावं आणि नावानिशी लिहून ठेवावं. आपण खळ्यापर्यंत थांबायला लावलेल्या माणसाबद्दल नुसतं ‘हसतमुख होता’ म्हणून मोकळं होणं, म्हणजे त्याची मजुरी दुसऱ्यांदा बुडवणं.