आधी घाट, मग पडदे

सेकंडहँड कॅम्पर व्हॅन घ्यायची आणि आरे-वारेला गाडीतच चहा करून सूर्यास्त बघायचा! प्लॅन झक्कास. पण आतला बेड, किचन बघून भुलू नका. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरताना जीव सांभाळतात ते स्टेअरिंग आणि सस्पेन्शन.

तेव्हा सौद्याआधी तासभर चांगल्या मेकॅनिकला सोबत घ्या. आधी चारही टायरमधली हवा बघा, तेवढ्यानंही गाडी एका बाजूला ओढते. मग टायरवरून हात फिरवा. एकच कड झिजलीय? अलाइनमेंट बिघडलंय. जागोजागी खळगे? शॉकअप गेले असणार. सपाट जागी गाडी कललीय? पाटा बसलाय, नाहीतर सामान एकाच बाजूला लादलंय. स्टेअरिंग बरंच फिरवल्यावर चाक हलत असेल, तर टाय रॉडचे जॉइंट तपासून घ्या. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पाटे आणि यू-बोल्टवरचा गंजही बघाच.

टेस्ट ड्राइव्ह पाण्याची टाकी भरून करा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो! रिकामी गाडी गोडच चालते.

मालक म्हणेल, "अलाइनमेंट केलं की झालं." पण जॉइंट ढिले असताना केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. आधी ते बदला, तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. पडदे काय, नंतरही निवडता येतील!